‘मोराल लो आहे’ म्हणजे नेमकं काय झालंय? कामावरच्या मनाचं इंग्रजी समजून घेताना

प्रश्न वाळूजच्या एका कारखान्यातल्या लाइन सुपरवायझरचा आहे. कंपनीचे वरचे लोक परदेशी आहेत. दर सहा महिन्यांनी इंग्रजीतून सर्व्हे येतो, अधूनमधून मेल येतात. त्यांत टीम मोराल, एंगेजमेंट, बर्नआउट, बाय-इन, ‘गो द एक्स्ट्रा माइल’ असले शब्द असतात. शब्दकोशात प्रत्येकाचा अर्थ सापडतो, तरी पूर्ण वाक्य नेमकं काय म्हणतंय ते लागत नाही. त्यात हाताखालच्या वीस-बावीस ऑपरेटरांना ते मराठीत समजावून सांगायचं, आणि त्यांचं म्हणणं परत इंग्रजीत वर कळवायचं. हे कसं शिकावं?

शब्द पाठ करण्याआधी वाक्याची घडण बघा, कारण अडचण तिथंच सुरू होते. मराठीत भावना माणसाकडे चालत येते. मला कंटाळा आला, त्याला हुरूप आला, तिचं मन उडालं, आम्हाला बरं वाटलं. या वाक्यांत कर्ता कंटाळा आहे, हुरूप आहे, मन आहे; माणूस ‘ला’ किंवा ‘चं’ लावून बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो आणि भावना त्याचं विशेषण होते: ‘ही इज बोअर्ड’, ‘वी आर एन्करेज्ड’. ही उलटापालट नीट झाली नाही की ‘आय ॲम बोअरिंग’ असं वाक्य तयार होतं, आणि त्याचा अर्थ ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’ असा निघतो.

यावर एक खात्रीची चाचणी आहे. आधी मनात मराठी वाक्य करा. ज्याला ‘ला’ लागतो, म्हणजे ज्याच्या मनात ते घडतं, त्याच्यासाठी इंग्रजीत शेवटी ‘एड’ येतं. जे घडवून आणतं, ज्याच्यासाठी मराठीत ‘-णारं’ किंवा ‘-वाणं’ वापरतो, त्याच्यासाठी ‘इंग’. ऑपरेटरला निराश वाटतं, म्हणून तो डिस्करेज्ड. रिजेक्शनचा आकडा निराश करणारा आहे, म्हणून तो डिस्करेजिंग. मोटिव्हेटेड-मोटिव्हेटिंग, फ्रस्ट्रेटेड-फ्रस्ट्रेटिंग, एक्झॉस्टेड-एक्झॉस्टिंग, डिसअपॉइंटेड-डिसअपॉइंटिंग या सगळ्या जोड्या अशाच चालतात. ‘माय टीम इज व्हेरी मोटिव्हेटिंग’ हे वाक्य व्याकरणात चूक नाही, पण त्याचा अर्थ ‘माझ्या टीमकडे बघून मला जोर येतो’ असा होतो. टीममध्ये जोर आहे हे सांगायचं असेल तर ‘मोटिव्हेटेड’च हवं.

आता मोराल. इंग्रजीत दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत. एक मॉरल, म्हणजे नीतीचं, योग्य-अयोग्याचं. गोष्टीचं तात्पर्यही मॉरलच. दुसरा मोराल, त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ असतो आणि उच्चारताना जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो, जवळजवळ ‘मराल’ असा. हा दुसरा शब्द फ्रेंचमधून आला आणि सैन्याच्या संदर्भात फार वापरला गेला: सैनिकांमध्ये लढायची उमेद किती आहे, हे सांगायला. मेलमध्ये ‘ई’ सुटला तर वाचणाऱ्याला क्षणभर ‘टीमची नीती घसरली आहे’ असं वाटू शकतं. भाषांतर करणारं ॲपही अशा वेळी ‘नैतिक’ हा शब्द पुढे करू शकतं. ‘मॉरल सपोर्ट’ला आपल्याकडे ‘नैतिक पाठिंबा’ म्हणतात ते चालतं, पण मोरालला नैतिक म्हणणं चालणार नाही.

मोराल हा शब्द बहुतेक वेळा गटाबद्दल असतो, एकट्याबद्दल कमी. ‘माय मोराल इज लो’ म्हणता येतं, पण स्वतःबद्दल ‘आय ॲम फीलिंग डिस्करेज्ड’ हे जास्त सहज. त्याचं अनेकवचन होत नाही. तो हाय असतो किंवा लो असतो. त्याला बूस्ट करतात, लिफ्ट करतात. एखाद्या निर्णयानं तो ‘डेन्ट’ होतो, म्हणजे पत्र्याला पोचा यावा तसा. रोजच्या कटकटीनं तो ‘सॅप’ होतो, म्हणजे हळूहळू झिरपून जातो. ही दोन क्रियापदं वेगळी ओळखू येणं गरजेचं आहे. डेन्ट झालेलं मोराल एका घटनेमुळे खाली आलेलं असतं आणि ती घटना नीट हाताळली तर वर येतं. सॅप होणाऱ्या मोरालमागे रोज चालू असलेलं एखादं कारण असतं, आणि ते कारण काढल्याशिवाय भाषणानं काही होत नाही.

मराठीत कागदावर मनोबल, मनोधैर्य लिहिलं जातं. लाइनवर उभं राहून सांगताना मात्र ‘पोरांचं मनोधैर्य खालावलं आहे’ असं कुणी म्हणत नाही. तिथं उमेद आणि हुरूप हे दोन शब्द पुरेसे आहेत, फक्त त्यांच्यातला फरक राखा. हुरूप आजचा असतो: नवीन मशीन आलं, साहेबांनी नाव घेऊन कौतुक केलं, हुरूप आला. उमेद पुढची असते: इथं राहिलो तर काही चांगलं होईल हा भरवसा. ‘मोराल इज लो’ असं मेलमध्ये आलं तर बहुतेक वेळा ‘पोरांची उमेद खचलीय’ हा जवळचा अर्थ असतो. ‘स्पिरिट्स वेअर हाय’ असं आलं तर हुरूप.

मोटिव्हेशन वेगळं. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘हलवणं’ आहे, म्हणून त्याला दिशा लागते: मोटिव्हेशन कशासाठी, काय करायला? ते एकेकट्याचं असतं. आणि टीम स्पिरिट म्हणजे एकमेकांशी असलेला बंध, एकोपा. या तिघांची गल्लत झाली की उपायही चुकतो. तीन महिने सलग ओव्हरटाइम झालेली एखादी शिफ्ट घ्या. सगळे एकमेकांना धरून आहेत, एकाचा डबा चौघांत जातो, म्हणजे टीम स्पिरिट उत्तम; पण ऑर्डर टिकेल का याची खात्री नाही, म्हणून मोराल लो. त्यांना मैदानावर नेऊन रस्सीखेच खेळवली तर काही फरक पडणार नाही. ऑर्डरबद्दल खरी माहिती दिली तर पडेल. उलट, प्रत्येकाला इन्सेन्टिव्हची आस आहे आणि प्रत्येक जण चांगला गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, आपल्याच ड्रॉवरमध्ये ठेवतो, अशा लाइनवर मोटिव्हेशन भरपूर आहे आणि टीम स्पिरिट शून्य. तिथं इन्सेन्टिव्ह वाढवला तर ड्रॉवरचं कुलूप आणखी पक्कं होईल.

नाराजीच्या शब्दांकडे जास्त लक्ष द्या, कारण सर्व्हेत आणि मेलमध्ये खरा मजकूर तिथं असतो. मराठवाड्यात एक शब्द घरोघरी आहे: बेजार. फारसीतून आलेला हा शब्द ‘फेड अप’ला चपखल बसतो. माणूस एकदा रागावला म्हणून बेजार होत नाही, तेच ते पुन्हा पुन्हा सोसून होतो. फेड अपचंही तसंच. त्याच्यापुढे ‘विथ’ येतं: ‘फेड अप विथ द बस टायमिंग’. अधिकृत मेलमध्ये हा शब्द थोडा उघडा वाटतो, तिथं ‘अनहॅपी विथ’ लिहावं.

फ्रस्ट्रेटेड हा शब्द आपण मराठीत बोलताना उदास, खचलेला अशा अर्थानं सर्रास वापरतो. इंग्रजीत त्याचा गाभा वेगळा आहे: करायचंय, पण काहीतरी आड येतंय. ‘ऑपरेटर्स आर फ्रस्ट्रेटेड विथ द टूल क्रिब’ याचा अर्थ पोरं दुःखी आहेत असा नाही. टूल क्रिबमधून, म्हणजे हत्यारं देणाऱ्या खोलीतून, टूल वेळेवर मिळत नाही म्हणून हात बांधल्यासारखे झालेत, चिडचिड होतेय. त्यामुळे हा शब्द दिसला की ‘आड काय येतंय?’ हे विचारायचं. उत्तर जवळपास नेहमी वाक्यातच, ‘विथ’ किंवा ‘बाय’च्या पुढे मिळतं.

तसंच टेन्शन. ‘मला टेन्शन आलं’ म्हणजे काळजी वाटली, दडपण आलं. इंग्रजीत त्यासाठी ‘आय ॲम वरीड’ किंवा ‘स्ट्रेस्ड’. कामाच्या इंग्रजीत टेन्शन बहुधा दोन बाजूंमध्ये असतं: ‘देअर इज टेन्शन बिटवीन प्रॉडक्शन अँड क्वालिटी’ म्हणजे दोन्ही खात्यांचे संबंध ताणलेले आहेत. ‘माय टीम इज इन टेन्शन’ असं लिहिलं तर परदेशी वाचकाला टीममध्ये भांडणं आहेत असं वाटू शकतं. मग चौकशी भलत्याच दिशेला जाते.

डिसग्रंटल्ड म्हणजे नाराज, धुसफुसणारा. पण हा शब्द बहुधा वरून खाली बघून वापरला जातो. ‘अ डिसग्रंटल्ड एम्प्लॉयी’ म्हटलं की दोष त्या माणसाच्या स्वभावात असल्याचा वास येतो. आपल्याच माणसांबद्दल वर लिहिताना तो टाळा. रिझेंटफुलमध्ये सल आहे, आणि तो कुणाबद्दल तरी असतो: बढती दुसऱ्याला मिळाली, कारण सांगितलं नाही. डिसइल्यूजन्ड म्हणजे आधी विश्वास होता आणि तो मोडला. ज्याला कधी अपेक्षाच नव्हती तो डिसइल्यूजन्ड होत नाही, आणि म्हणून हा शब्द चांगल्या, मन लावून काम केलेल्या माणसाबद्दल येतो. मेलमध्ये तो दिसला तर गांभीर्यानं घ्यायला हवा.

थकव्याच्याही पायऱ्या आहेत. टायर्ड साधा थकलेला. ड्रेन्ड म्हणजे आतून रिकामा झालेला, तिसरी शिफ्ट संपवून बसमध्ये बसल्यावर वाटतं तसा. एक्झॉस्टेड त्याहून जास्त. बर्नआउट ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तो शब्द स्वस्त करू नये. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात झटणाऱ्या स्वयंसेवकांच्या अवस्थेसाठी तो वापरला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या नेमकी केली: कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्यानं येणारी अवस्था, आणि तिची तीन अंगं. शक्ती संपल्यासारखं वाटणं. कामापासून मन दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं. आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. संघटनेनं हेही स्पष्ट केलं की हा आजार म्हणून नोंदलेला नाही, तो कामाशी संबंधित प्रकार आहे. ढोबळ खूण म्हणून बघा: साप्ताहिक सुट्टीत झोप झाली आणि माणूस ताजा झाला, तर तो एक्झॉस्टेड होता. सुट्टीनंतरही गेटमधून आत येताना पाय जड होत असतील, पूर्वी जीव लावून केलेल्या कामाबद्दल ‘जाऊ द्या’ अशी भाषा आली असेल, तर बर्नआउटचा विचार करा.

वाक्प्रचारांसाठी त्यांच्यामागचं चित्र शोधा, मग अर्थ विसरत नाही. ‘स्ट्रेच्ड थिन’मध्ये काहीतरी ताणून ताणून पातळ केलेलं आहे: माणसं तेवढीच, कामं चौपट. मराठीत नेमका शब्द ओढाताण. ‘पुल युवर वेट’मागे वल्ह्यांची नाव आहे, प्रत्येकानं आपल्या वजनाएवढं तरी ओढलं पाहिजे. म्हणजे आपला वाटा उचलणं. ‘ही इजन्ट पुलिंग हिज वेट’ हा सरळ कामचुकारपणाचा आरोप आहे, लेखी देताना दहादा विचार करा. ‘पिच इन’ मात्र प्रेमाचा शब्द आहे. आपल्या शेतीतली सावड आठवा: आज सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं, उद्या दुसऱ्याचं. ‘एव्हरीवन पिच्ड इन’ म्हणजे सगळ्यांनी हात लावला. ‘वॉकिंग ऑन एगशेल्स’ म्हणजे साहेबांचा मूड बघून दबकत वागणं. सर्व्हेच्या मोकळ्या रकान्यात कुणी हे लिहिलं असेल, तर तो आकड्यांपेक्षा मोठा निरोप आहे.

‘गो द एक्स्ट्रा माइल’वर थोडं थांबायला हवं. हे बायबलमधून, मत्तयच्या शुभवर्तमानातून आलंय: कुणी तुला एक मैल चालायला भाग पाडलं, तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. संदर्भ रोमन सत्तेचा. सैनिक रस्त्यावरच्या माणसाला वेठीला धरून ओझं वाहायला लावू शकत होते. पहिला मैल सक्तीचा, दुसरा आपण होऊन. म्हणून या वाक्प्रचाराचा जीव ‘आपण होऊन’ या दोन शब्दांत आहे. सांगितलेला ओव्हरटाइम म्हणजे एक्स्ट्रा माइल नव्हे. त्याला कायद्यानं दुप्पट दर आहे आणि तो हिशेबातच धरायचा. ‘वुई एक्स्पेक्ट एव्हरीवन टू गो द एक्स्ट्रा माइल’ असा मेल आला, तर ऑपरेटरांना सांगताना ‘साहेब म्हणतात मनापासून थोडं जास्त करा’ असं सांगा, आणि सक्तीचे तास किती, पैसे कसे, हे वर वेगळं विचारून घ्या. दोन्हींची सरमिसळ होऊ दिली तर पुढच्या वेळी या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

बाय-इन आणि अप्रूव्हलही असेच सारखे वाटणारे. अप्रूव्हल म्हणजे सही. बाय-इन म्हणजे मनातून पटणं. नव्या रोटेशनला मॅनेजरचं अप्रूव्हल असेल, पण ऑपरेटरांचं बाय-इन नसेल, तर ते रोटेशन कागदावर राहील. ‘टेक ओनरशिप’ म्हणजे मालकी नव्हे. काम शेवटपर्यंत आपलं मानणं, जबाबदारी अंगावर घेणं. पण ‘ओन द मिस्टेक’ म्हणजे चूक कबूल करणं, हे त्यापासून वेगळं. ‘क्वाएट क्विटिंग’ हा शब्द २०२२ मध्ये समाजमाध्यमांवरून पसरला. त्यात नोकरी कुणी सोडत नाही, नेमून दिलं तेवढंच करतो, मन काढून घेतो. कामगार संघटना जाहीर करून ‘नियमानुसार काम’ आंदोलन करते ते हे नाही. तिथं सगळे मिळून ठरवतात, इथं एकटा गप्प राहून करतो.

मेल वाचताना सौम्य शब्दांचं वजन वाढवून वाचायची सवय लावा, विशेषतः ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत. ‘मोराल कुड बी बेटर’ म्हणजे मोराल बरं आहे असं नव्हे, वाईट आहे. ‘अ बिट कन्सर्न्ड’ म्हणजे चांगलीच काळजी. ‘आय डोन्ट हॅव द बँडविड्थ’ म्हणजे नम्र नकार. ‘वुई हिअर यू’ म्हणजे तुमचं म्हणणं पोचलं. मान्य केलं असं अजून नाही.

सर्व्हेचं भाषांतर हे यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम, कारण तिथं चुकलेला शब्द आकडा होऊन वर जातो. एंगेजमेंटच घ्या. आपल्याकडे एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा, एंगेज म्हणजे फोन लागत नाही. सर्व्हेतल्या अर्थाला पाया संशोधक विल्यम कान यांच्या १९९० मधल्या अभ्यासानं घातला. उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना संस्थेतले कर्मचारी पाहून त्यांनी दाखवलं की माणूस कधी स्वतःला कामात ओततो, कधी काढून घेतो. म्हणून ‘आय फील एंगेज्ड ॲट वर्क’चं मराठी ‘मी कामात व्यग्र असतो’ नाही, ‘कामात माझा जीव गुंततो’ असं आहे. व्यग्र तर ओढाताण झालेला माणूसही असतो, आणि तो या प्रश्नाला हो म्हणेल.

‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’चा घोटाळा त्याहून मोठा. कारखान्यात सेफ्टी म्हटलं की हेल्मेट, शूज आणि हातमोजे डोळ्यांपुढे येतात, आणि सगळे पाचपैकी पाच देऊन मोकळे होतात. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या निबंधात ही कल्पना टीमसाठी मांडली: चूक सांगितली, शंका विचारली, तर इथं आपला पाणउतारा होणार नाही असा टीममध्ये असलेला विश्वास. मराठीत प्रश्न असा विचारा: ‘माझ्या हातून पार्ट खराब झाला तर मी तो न लपवता सांगू शकतो.’ आता उत्तर खरं येईल.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या ‘हायजीन फॅक्टर्स’चा उल्लेख प्रशिक्षणात हमखास येतो, त्याचा शौचालयाच्या स्वच्छतेशी थेट संबंध नाही. १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून त्यांनी मांडलं की पगार, पर्यवेक्षण, कामाच्या सोयी या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण सुधारल्या म्हणून पेटून काम करत नाही.

भाषांतराची पद्धत अशी ठेवा. इंग्रजी वाक्यातलं नाम बाजूला काढून त्याचं क्रियापद करा, कारण ‘प्रेरणेचा अभाव जाणवतो’ असल्या वाक्याला लाइनवर उत्तर मिळत नाही. मग ते ‘मला’, ‘आम्हाला’ किंवा ‘माझं मन’ने सुरू करा. नंतर इंग्रजी न येणाऱ्या एका ऑपरेटरला वाचून दाखवा आणि त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. तो उदाहरण देऊ शकला तर वाक्य पास. शेवटी मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या कुणाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि मुळाशी ताडून बघा. उलट्या वाक्यांवर विशेष लक्ष ठेवा: ‘आय रेअरली फील डिस्करेज्ड’ला ‘असहमत’ म्हणणं म्हणजे निराशा वाटते असं सांगणं, आणि घाईत माणूस नेमका इथं चुकतो. ‘मी सहसा निराश होत नाही’ हे वाक्य लिहून त्याखाली ‘हो, असंच आहे’ आणि ‘नाही, मी बरेचदा निराश होतो’ असे पर्याय उलगडून द्यायची परवानगी कंपनीकडे मागा. आणि एक: पाच पर्यायांत मधला, ‘सहमतही नाही, असहमतही नाही’ हा एखाद्या प्रश्नाला फार जणांनी निवडला असेल, तर त्यांना मत नाही असं लगेच धरू नका, आधी प्रश्न कळला होता का ते विचारा.

वहीत शब्द एकटा लिहू नका. पूर्ण वाक्य, पुढे येणारं विथ-ऑफ-टू-ऑन, कोण कुणाला म्हणतंय, आणि तुमचं बोलीतलं मराठी वाक्य, एवढं एका ओळीत. फेड अप विथ, प्राउड ऑफ, कीन ऑन, कमिटेड टू. ‘कमिटेड टू’ आणि ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ यांच्या पुढे क्रियापद आलं तर ते ‘इंग’चं येतं. आठवड्याला पाच ओळी पुरेत, पण त्या आठवड्यात आलेल्या खऱ्या मेलमधल्या हव्यात.

वर कळवताना काय फरक पडतो ते या नमुन्यात बघा. आधीचं: ‘टीम इज इन टेन्शन, मॉरल इज डाउन, ऑल आर फ्रस्ट्रेटिंग.’ वाचणाऱ्याला यातून भांडण, घसरलेली नीती आणि त्रासदायक माणसं एवढंच दिसेल. नीट केलेलं: ‘मोराल ऑन द सेकंड शिफ्ट इज लो. ऑपरेटर्स आर फ्रस्ट्रेटेड बिकॉज गेजेस अराइव्ह लेट. दे आर टायर्ड, बट दे आर स्टिल पिचिंग इन.’ यात कुणाचं काय बिनसलंय, आड काय येतंय आणि अजून काय शाबूत आहे, हे तिन्ही आलं. आता साहेब गेजचं वेळापत्रक मागवतील.